मिनतीच्या दारावरची घड्याळं

शकुन पोंक्षेला एक गोष्ट अजिबात खपत नसे. मूल खेळात गुंतलेलं बघून आईनं मागच्या मागे पसार व्हायचं, ही. एरवी बाई मऊ होती. पाळणाघरात डाळ करपली, कोपऱ्यात जळमट दिसलं, तर एखादा शब्द बोलून सोडून द्यायची. पण कोणी आई चपला हातात घेऊन चोरपावलांनी निघालेली दिसली, की तिला गल्लीतून हाताला धरून परत आणायची. रडेल तर रडू दे, पण मुलाला सांगून जा, असं तिचं म्हणणं.

शकुन जन्माची कोलकात्याची. आजोबा नोकरीसाठी भवानीपूरला आले ते तिथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर बंगाली, आणि दोन्हींत शकुनची जीभ सारखीच सुटलेली. तिची संस्था म्हणजे दोन खोल्या आणि चार बायका. वस्त्यावस्त्यांतून ज्या बाया आपल्या राहत्या घरात दुसऱ्यांची मुलं सांभाळतात, त्यांना शिकवायचं, खेळणी पुरवायची, कोणी आजारी पडली तर बदली बाई धाडायची, हे काम. मुलांची काळजी करणारे पुष्कळ भेटतात. मुलं सांभाळणारीला कोण सांभाळतं, हे कोणाच्या गावीही नसतं. शकुननं त्या एका प्रश्नात आपली उमर घालवली.

पुठ्ठ्याची घड्याळं ही तिचीच कल्पना. पाळणाघराच्या दारावर मुलागणिक एक घड्याळ टांगलेलं. सकाळी आईनं मुलासमोर उकिडवं बसायचं, त्याच्या डोळ्यांत बघून कुठे जाते ते सांगायचं, आणि जेव्हा परत येणार त्या वेळेवर काटे लावून घड्याळ त्याच्या हातात द्यायचं. पोरांना वेळ कळत नसे, पण भिंतीवरच्या खऱ्या घड्याळाचे काटे आपल्या काट्यांसारखे झाले की आई येते, एवढं पक्कं कळत असे.

खिदिरपूरच्या मिनतीला हे सगळं थोतांड वाटलं होतं. गोदीच्या भिंतीला लागून तिची एक खोली, तिच्यात सातआठ पोरं. मिनतीची रीत सोपी होती. पोराच्या हातात मुरमुऱ्यांची वाटी द्यायची, त्याचं तोंड खिडकीकडे वळवायचं आणि आईला डोळ्यांनी खुणावायचं. मुलं विसरतात, ती म्हणायची. विसरत नाहीत, शकुन म्हणायची. या वादावर दोघींनी किती चहा ढोसला त्याला गणती नाही. शेवटी एका दुपारी शकुननं तिला ती गोष्ट सांगितली, जी तिनं संस्थेत कोणाला सांगितली नव्हती.

शकुन चार वर्षांची होती. विश्वकर्मा पूजेचा दिवस, भवानीपूरचं आभाळ पतंगांनी भरलेलं. प्रतिभाआत्या तिला पतंग दाखवायला गच्चीवर घेऊन गेली. खाली आली तेव्हा आईची खाट रिकामी होती. आईला बाळंतपणासाठी इस्पितळात नेलं होतं. आई आली नाही, बाळही आलं नाही. उद्या येईल, उद्या येईल, असं घरातले कितीतरी दिवस सांगत राहिले.

"आत्याला मी कधी माफ केलं नाही," शकुन म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी मिनतीच्या दारावर खिळे ठोकलेले होते आणि त्यांवर घड्याळं.

मग मिनती अशी पालटली, की नव्या बायांना तीच शिकवू लागली. कोणी आई वेळ सांगायला चुकली तर तिच्यावर डाफरायची. शकुनला तिचा केवढा अभिमान. भवानीपूरहून खिदिरपूरला यायला तिला काहीतरी निमित्त लागे, आणि नसलं तर ती ते काढत असे.

या वर्षी दुर्गापूजा झाली आणि मिनतीचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या तोवर दुखणं हाताबाहेर गेलं होतं. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही, मिनतीनंही डोळ्यांत पाणी आणलं नाही. काकद्वीपला बहिणीकडे जाऊन पडते, म्हणाली. तिथून परत येणं नाही हे दोघींनाही ठाऊक होतं.

शकुननं बदली बाई ठरवली, आयांना भेटून सगळं समजावलं. राहिली पोरं. ती झोपलेली असताना मी हळूच निघते, मिनती म्हणाली. शकुन भडकलीच. इतकी वर्षं आयांना धरून आणलं आणि आता तू मागच्या मागे जाणार?

"मग घड्याळात किती वाजवू, दीदी?" मिनतीनं विचारलं.

शकुन हट्टालाच पेटली. आपण खरं सांगू, ती म्हणाली. बरं नाही, दूर जाते, परत येणार नाही. मुलांना खरं पेलतं, खोटं पेलत नाही. तुझ्यानं बोलवलं नाही तर ते शेवटचं वाक्य मी बोलेन. लोकांना शिकवून शिकवून माणसाला आपलं बोलणं फार खरं वाटायला लागतं, तसं शकुनचं झालं होतं.

जायच्या दिवशी मिनतीनं परीटघडीची साडी नेसली. ती अंगावर नुसती लोंबत होती. बहिणीचा मुलगा गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी थांबला. भिंतीचा आधार घेत मिनती पोरांसमोर उकिडवी बसली आणि मला बरं नाही, बहिणीकडे जाते, इतकं बोलली. पोरं बघत राहिली. त्यांत नूपुर होती, साडेतीन वर्षांची. तिची आई अलीपूरला घरकाम करते. पोर सहा महिन्यांची होती तेव्हापासून मिनतीच्या मांडीवर वाढलेली, तिला मासी म्हणणारी. नूपुर उठली, दाराशी गेली, आपलं घड्याळ खिळ्यावरून काढलं आणि मिनतीपुढे धरलं. जाणाऱ्यानं काटे लावायचे, ही इथली रीत तिला कोणी सांगावी लागत नव्हती.

मिनतीचा हात उठेना. तिनं शकुनकडे पाहिलं.

आता शकुनचं वाक्य होतं. तिनं ते रात्रभर मनाशी घोकलं होतं. तिनं तोंड उघडलं, नूपुरच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग तिनं ते घड्याळ घेतलं आणि काटे चारावर लावले.

नूपुर खूश झाली. घड्याळ पोटाशी धरून ती ठोकळे खेळायला गेली, रडलीसुद्धा नाही. मिनती चपला घालून बाहेर पडली. गाडीत बसताना शकुनचा हात हातात घेऊन म्हणाली, "बरं केलंत, दीदी." शकुनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी पोरं झोपली आणि शकुन भिंतीला टेकून बसली. गच्चीवर आत्यानं तिचा हात धरला होता, दुखेपर्यंत घट्ट. आईकडे जाऊ न देणारा हात, म्हणूनच जन्मभर तो तिच्या लक्षात राहिला. आत्या तेव्हा असेल बावीस वर्षांची. खाली जिवाभावाच्या वहिनीला उचलून नेत होते आणि ती भाचीला पतंग दाखवत होती. शेवटच्या आजारपणात एकदा आत्यानं, "शकू, त्या दिवशी..." म्हणून सुरुवात केली होती. शकुन पाणी आणायला म्हणून उठली आणि परत त्या खोलीत गेलीच नाही. आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. हे कोणाला सांगायचं, कोणाची क्षमा मागायची, ते शकुनला कळेना.

चार वाजता नूपुर घड्याळ घेऊन दाराशी येऊन बसली. भिंतीवरचं घड्याळ बघितलं, हातातलं बघितलं. आया येत होत्या, पोरं घेऊन जात होत्या. नूपुरची आई आली तरी ती उठेना. मासी आली नाही, एवढंच म्हणत राहिली.

शकुन तिच्यासमोर उकिडवी बसली. "नूपुर, मासी येणार नाही. मी तुला खोटं सांगितलं."

नूपुरनं तिच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. मग एका बोटानं काटा ढकलून पाचावर नेला, घड्याळ शकुनच्या हातात दिलं, आणि तिच्या शेजारी गल्लीकडे तोंड करून बसली. तिची आई चपला घालून बाहेर उभी होती. शकुननं तिला हातानंच थांब म्हटलं. काय करायचं ते न कळून तीही पायरीवर टेकली, आणि तिघी पाच वाजायची वाट बघत बसून राहिल्या.