गुयनी

काल सुनेच्या खांद्यावर नातवाने दूध टाकलं. त्या आंबूस वासाने मी थेट सावद्याच्या आमच्या ओसरीवर जाऊन पोचले.

तेव्हा माझा मुलगा तान्हा होता. मी पाजलं की माझी मोठी जाऊ, अक्का, त्याला खांद्यावर घ्यायची. एकदा त्याच्या तोंडातून दूध आलं आणि मी ओरडले, "अक्का, उलटी झाली त्याला!"

धुळ्याकडची अक्का हसली. "उलटी नई शे माय, गुयनी शे. उलटी जोरमा येस, पोर रडस. हाऊ ते हासी ऱ्हायना."

खरंच हसत होता, तिच्याकडे बघून. ओठाच्या कोपऱ्यातून दूध ओघळत होतं. दूध माझं, आणि वास तिच्या लुगड्याला! मी आत जाऊन माझा पदर हुंगला. त्याला नुसता साबणाचा वास येत होता.

काल सूनही तशीच घाबरली. मी तोंड उघडणार, तोच मुलगा म्हणाला, "अगं, उलटी नाही, गुयनी आहे ती."

माझ्या माहेरी गुळणी म्हणतात. गुयनी अक्काची.

अक्का जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी माझा जळफळाट झाला. दूध लागू नये म्हणून माझ्या खांद्यावर टाकलेलं फडकं मी काढून ठेवलं आणि नातवाला घेतलं.