वाजला तर उचल

इंग्लंडमध्ये वॉटफर्डला आमच्या शेजारी एक माजी फुटबॉलपटू राहतो. तरुणपणी डिफेन्समध्ये खेळला, मग मॅनेजर झाला, तोही लहानसहान क्लबांचा. प्रत्येक क्लबने त्याला काढून टाकलं आणि प्रत्येक वेळी मला ते त्याच्या लॉनमोअरच्या आवाजावरून कळलं. नोकरी गेली की हा माणूस घरी येऊन, अंगातला सूटसुद्धा न काढता, गवत कापायला लागतो.

त्याचा उजवा गुडघा पार कामातून गेलाय. मी हाडांचा सर्जन, त्यामुळे कुंपणापलीकडे त्याला लंगडताना बघून माझं डोकं फिरतं. ऑपरेशनचं विचारलं की म्हणतो, "सीझन संपू दे, डॉक." सीझन संपला की, "आता कधीही एखाद्या क्लबचा फोन येईल. कुबड्या घेतलेला मॅनेजर कोण ठेवणार?" त्यापेक्षा भिंतीशी बोललेलं परवडलं.

परवा पुन्हा मोअर सुरू झाला. मी वैतागून बाहेर गेलो आणि म्हणालो, "अरे, या वयात तुला कोणी फोन करणार नाहीये. गुडघा करून घे."

त्याने मोअर बंद केला. माझ्याकडे न बघता तो आमच्या गवताकडे बघत राहिला. "काय अवस्था करून ठेवलीयेस," असं पुटपुटत मोअर ओढत आमच्या गेटातून आत आला आणि खिशातला फोन माझ्या हातात ठेवला.

"वाजला तर उचल. मैदानावर आहे म्हणून सांग."

तो लंगडत आमचं गवत कापत राहिला. मी चडफडत तिथेच उभा होतो. फोन सायलेंटवर तर नाही ना, हे मात्र मी दोनदा बघितलं.