उपाशी पोटी गोळी आणि दिघोरीची वरात

माझा इवाई, म्हणजे थोरल्या मुलीचा सासरा, दिघोरीचा. तळ्यात त्याने पाय धुतले तर मासोळ्या काठावर येऊन जीव देत, इतकं विष त्याच्या अंगात. आजही त्याच्याबद्दल चांगलं काही निघणार नाही. ते शोधायला बसू नका.

मला साखरेची बिमारी होती, तीही साधीसुधी नाही. मी आमच्या शहापूरहून निघालो की मागे मुंग्यांची रांग लागे आणि ती हायवे ओलांडेपर्यंत ट्रकवाले थांबून विडी पीत. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी सकाळची एक गोळी लावून दिली आणि बजावलं, "गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवायचं. जेवण नसेल त्या दिवशी गोळी नाही, आधी मला विचारायचं." यातून मी ऐकलं काय, तर गोळी चुकवायची नाही. सोबत बायको होती. तिने सगळं ऐकलं.

लग्न ऐंशीच्या आसपासच्या एका वैशाखातलं, मुहूर्त सकाळी दहाचा. कन्यादान होईस्तोवर मुलीच्या आईबापाने उपाशी राहायचं, ही आमची रीत. आणि उपासाला औषध चालतं, हा आमच्या म्हाताऱ्यांचा कायदा. मी सातला पाण्यासोबत गोळी गिळली आणि मांडवात उभा राहिलो. बायकोला वाटलं, आज गोळी नाही.

वरात आली एक वाजता. इवायाने ट्रक आधी उलटा लाखांदूरला नेला होता, तिथल्या सोयऱ्यांना घ्यायला. तिथे पोटभर पोहेही हाणले. इकडे माझ्या अंगातून घाम असा वाहत होता की त्यात धानाच्या शेताची एक बांदी रोवून झाली असती. हात कापत होते, जीभ जड, आणि डोक्यात नुसता जाळ. टिळा इवायाच्या कपाळाला लावायचा, तो मी त्याच्या नाकाला लावला.

"काहून जी इवाई," तो म्हणाला, "पोरीच्या लग्नात सकायपासूनच लावली का?"

मी त्याला एक शिवी दिली. तीही धड फुटली नाही. तो वरातीकडे वळला.

"बाप पेऊन हाय. फिरवा ट्रक. असल्या घरची पोरगी मले नाही पायजे."

आत पोरगी बाशिंग बांधून बसली होती. तिला सगळं ऐकू जात होतं.

तेवढ्यात बायको स्वयंपाकाकडून आली. माझं तोंड पाहिलं आणि विचारलं, "गोळी घेतली?" मी मान हलवली. तिने टोपल्यातली मूठभर बुंदी उचलून माझ्या तोंडाशी धरली.

"उपास मोडते न," मी म्हणालो.

"मोडू द्या. चावा."

मी चावली. वरून तिने साखरेचं पाणी पाजलं, मग भात. वराती उन्हात उभे आणि मुलीचा बाप सर्वांच्या आधी जेवतो आहे, असं आमच्या मुलखात कोणी पाहिलं नसेल.

"दारू नाही जी," बायको इवायाला म्हणाली. "उपाशी पोटी गोळी घेतली, साखर उतरली. वास घेऊन पाहा."

त्या माणसाने खरंच घेतला. नाक माझ्या तोंडात घालून, चारचौघांत. काही सापडलं नाही म्हणून त्याचं तोंड इतकं उतरलं की मला पुन्हा भूक लागली.

"पण उपास तर मोडला," तो म्हणाला. "कन्यादान आता याच्या भावानं करावं."

पाव तासात माझं डोकं ठिकाणावर आलं होतं. "कन्यादान मीच करतो," मी म्हणालो. "नाही पटत तर जा. बुंदी, वांग्याची भाजी, सगळं तयार हाय. तुमाले वास आवडते, तो घेऊन जा."

वरातीत माणसं दोनशे. मी सांगताना पाचशे सांगतो. त्यातला इवायाचा सख्खा साळा न विचारता मांडवात जाऊन बसला. "भाटवे, बसा आता," त्याने तिथून सांगितलं, "ऊन लय हाय." मागून बाकीचे बसले. इवाई एकटाच ट्रकपाशी उरला. मग तोही आला आणि पोराच्या शेजारी बसून माझ्या हातांकडे टक लावून राहिला, कापतात का ते पाहायला.

मी पाण्याचा लोटा उचलला, नवरदेवाचे पाय धुतले. हात कापला नाही. तरी अर्धा लोटा इवायाच्या कोऱ्या धोतरावर गेला.