ताईने धुतलेले स्वेटर

माझी थोरली बहीण कपड्याला नाक लावून सांगायची, हा माणूस काल काय जेवला. खोटं नाही सांगत! गिऱ्हाईक काउंटरवर शर्ट ठेवायचं आणि ताई म्हणायची, "मासे का हो? मग उद्या नाही, परवा या." गिऱ्हाईक बिचारं ओशाळायचं आणि मी इस्त्रीमागे तोंड लपवून हसायचे. आमची लाँड्री खाली, राहायच्या खोल्या वर. धुणं ताईचं, इस्त्री माझी. तिने लग्न केलं नाही, मी केलं आणि ते टिकलं नाही, म्हणून दोघी एकमेकींच्या वाट्याला आलो. कसलाही वास असो, घामाचा, धुराचा, रॉकेलचा, ताईच्या हाताखालून गेला की गेलाच. त्याचा तिला भारी अभिमान. मी चिडवायचे, "तुला माणूस दिला तर त्यालाही उकळून काढशील."

पण माणसं ती उकळायची नाही हो, सांभाळायची. एक संस्था होती, तिथून आमच्याकडे मुलं यायची. कुणाची आई दवाखान्यात, कुणाचा बाप तुरुंगात, कुणाच्या घरात रोजचीच मारामारी. त्यांचं घर रुळावर येईपर्यंत ती पोरं आमच्याकडे राहायची आणि मग परत जायची. ताईचा पहिल्या दिवसाचा नियम ठरलेला. पोराला समोर बसवायचं आणि सांगायचं, "मला मावशी म्हणायचं. आई तुला आहे आणि ती तुला न्यायला येणार आहे." पोर निघालं की ती त्याची बॅग भरायची, गालाला हात लावायची आणि पुन्हा कामाला लागायची. मी मात्र चार दिवस नाक पुसत फिरायचे. ताई म्हणायची, "रडायला काय झालं? आपण काय विकत आणलं होतं?"

गुंडी आली तेव्हा नुकती पावलं टाकायला शिकली होती. दिसेल ती गुंडी तोंडात घालायची, म्हणून हे नाव. दुकानात गुंड्यांना काय तोटा! तिचा बाप पोर पोटात असतानाच पळाला होता. बाळंतपणानंतर तिच्या आईचं मन आजारी पडलं. दिवसच्या दिवस भिंतीकडे बघत बसायची, पोर रडून लाल झालं तरी उठायची नाही. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, आणि गुंडी आमच्याकडे आली. औषधाने बाई हळूहळू माणसात आली. एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला लागली, दिवसभर कांदे चिरायची. दर रविवारी संस्थेच्या खोलीत मायलेकींची भेट व्हायची. आई आत आली की गुंडी डोळे मिटून तिच्या अंगात नाक खुपसायची. संस्थेतल्या मॅडम म्हणायच्या, "छान चाललंय. आता थोड्याच दिवसांत ही घरी जाईल."

आणि मग ते लॉकडाऊन आलं. सगळं बंद. संस्थेच्या दाराला कुलूप, भेटी बंद. आमचं दुकान तेवढं चालू, कारण दवाखान्याच्या चादरी आमच्याकडे यायच्या. टेंपोवाला दादा गठ्ठे दारात टाकायचा आणि लांबूनच गुंडीला जीभ काढून दाखवायचा. ती खिदळायची. एक दिवस दुसराच माणूस टेंपो घेऊन आला. आमच्या दादाला त्या आजाराने नेलं होतं. ताई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने जे सुरू केलं त्याला मी वेड म्हणेन. दाराच्या कड्या धुतल्या, पैसे धुतले, बटाटे साबणाने धुतले. मी म्हणाले, "अगं, आता मलाही पिळून दोरीवर टाक." ती हसली नाही. "पोरीला काही झालं तर तिच्या आईला काय तोंड दाखवू?" म्हणाली.

मायलेकींची भेट आता फोनवर. आई पडद्यात दिसायची, हाका मारायची, टाळ्या वाजवायची. गुंडी फोन चाटायची, नाहीतर उलटा करून मागे कोण आहे ते बघायची. एवढंसं पोर ते, त्याला पडद्यातली आई काय कळणार, कपाळ? आईचा चेहरा उतरलेला मला इकडून दिसायचा. तेव्हा मॅडमनी एक तोड काढली. आईने एक स्वेटर अंगात घालायचा, सतत, आणि तसाच न धुता पाठवायचा. गुंडीने तो उशाला घेऊन झोपायचं. वास राहिला की आई राहील, असं त्यांचं म्हणणं. भेटी सुरू होतील तेव्हा पोरीने आईला ओळखलं पाहिजे, नाहीतर घरी पाठवणं अवघड होईल, हे त्यांनी फोनवर नीट बजावून सांगितलं.

पहिला स्वेटर पिशवीतून आला. ताईने लांब काठीने पिशवी उघडली, पण गुंडी कुठून आली कोण जाणे, तिने झडप घातली. स्वेटर तोंडावर धरला, एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाली, "आई." भेटी बंद झाल्यापासून तो शब्द तिच्या तोंडून आला नव्हता. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ताईने तिच्या हातातून स्वेटर ओढला आणि कपडे उकळायच्या भट्टीत, उकळत्या पाण्यात टाकला.

पोरीने असा काही हंबरडा फोडला, की समोरचे म्हातारे आजोबा खिडकीत आले. मी ताईवर ओरडले, "अगं, धुवायचा नव्हता तो! गच्चीवर ठेवला असता चार दिवस उन्हात!" ताई काठीने स्वेटर ढवळत राहिली. "ज्या वसतिगृहात ती काम करते तिथे आजारी पोरं ठेवलीत. मी काय मरण पोरीच्या उशाला देऊ?" वाळल्यावर तिने तो मऊसूत घडी करून गुंडीला दिला. गुंडीने हुंगला. पुन्हा हुंगला. उलटा करून हुंगला. आणि बाजूला फेकून दिला.

मॅडमनी फोनवर कितीदा बजावलं, स्वेटर धुऊ नका. ताई हो हो म्हणायची. पालथ्या घड्यावर पाणी! आईने दुसरा स्वेटर पाठवला, तोही गेला उकळत्या पाण्यात. मग तिसरा. मी दर वेळी भांडले, पण त्या भट्टीपाशी माझं काय चालतंय? तिकडे आईला वाटत होतं पोर आपल्या कुशीत झोपतंय. फोनवर विचारायची, "घेते ना उशाला?" ताई म्हणायची, "घेते की."

या सगळ्यात गुंडी बोलायला लागली. ताईच्या पायात पायात असायची, तिच्या झग्याचं टोक धरून झोपायची. एक दिवस ताईला म्हणाली, "आई, भूर." ताई म्हणाली, "मावशी म्हण." पुन्हा आई म्हणाली, पुन्हा ताईने सुधारलं. मग हळूहळू सुधारणं थांबलं. मी म्हटलं, "तुझा नियम कुठे गेला गं?" तर माझ्यावरच डाफरली, "लहान आहे ती! कळेल तिला पुढे." आयुष्यात पहिल्यांदा ती काम करताना गुणगुणत होती. मला ते ऐकून बरंही वाटायचं आणि भीतीही वाटायची.

अखेर दारं उघडली. भेट संस्थेच्या अंगणात ठरली, मोकळ्या हवेत. आई लवकर येऊन उभी होती, अंगात स्वेटर, ऊन असूनही. मॅडम मान हलवून हो म्हणाल्या तसा तिने मास्क काढला, गुडघ्यांवर बसली आणि हात पसरले. गुंडीने तिच्याकडे बघितलं, आपण बसस्टॉपवरच्या बाईकडे बघतो तसं, आणि ताईच्या झग्यात तोंड लपवलं. आईने जवळ येऊन तिला उचललं, तर पोर कमान करून किंचाळायला लागलं. "आई, आई" करत ताईकडे हात करत होतं.

त्या बाईने तिला खाली ठेवलं. ताईला म्हणाली, "स्वेटरांचा काहीच उपयोग नाही झाला का हो?"

ताईला खोटं बोलता आलं असतं. आजवर फोनवर बोलत आलीच होती. पण समोरासमोर तिला ते जमेना. "मी धुतले," ती म्हणाली. "सगळे."

"सगळे?" बाई बघतच राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "स्वेटर पाठवायचा असला की मी आधी दोन-दोन दिवस अंघोळ करायचे नाही. वास पक्का बसावा म्हणून. बरोबरच्या बायका नाक धरायच्या, डबा लांब घेऊन बसायच्या. मी म्हणायचे, हसू देत."

रात्री घरी ताई मला म्हणाली, "भीती होती गं, ती खोटी नव्हती. पण तिने तो स्वेटर हुंगून आई म्हटलं ना, ते मला सहन झालं नाही. टेंपोवाल्याच्या मरणाचं निमित्त करून मी माझंच साधून घेतलं." बैल गेला आणि झोपा केला.

पुढच्या भेटींत थोडंफार जमलं, आणि मॅडमनी गुंडीला घरी पाठवलं. आता गेली, एवढं मनाशी म्हणतोय तोवर एका सकाळी तिची आई दुकानाच्या पायरीवर हजर. कडेवर गुंडी, रडून रडून आवाज बसलेला. आईच्या डोळ्यांखाली काळं झालेलं. "खात नाही, झोपत नाही," ती म्हणाली. "दाराकडे बोट दाखवून तुम्हाला हाका मारते. माझ्याच घरात मी परकी झालेय. मला नाही जमत हे. तुम्हीच ठेवा हिला. तुमच्याकडे सुखात होती."

मी ताईकडे बघितलं. तिला आयुष्यात काही हवं असेल तर ते हेच होतं, आणि ते पायरीवर चालून आलं होतं. गुंडीने तिला बघितलं, "आई!" म्हणून सगळं अंग पुढे झोकलं, दोन्ही हात पसरून. ताईने स्वतःचे हात पाठीमागे घेतले.

"मी नाही घेणार," ती म्हणाली. "मी मावशी आहे. ती बघ, ती तुझी आई."

पोर थक्क झालं. पुन्हा हात पसरले. ताई मागे सरकली, पार भट्टीपर्यंत. गुंडी किंचाळली, हातपाय झाडले, आईच्या खांद्याला चावली. मला बघवेना, मी पुढे झाले तर ताई माझ्यावर खेकसली, "हात लावशील तर खबरदार!" आणि तिच्या आईला म्हणाली, "तुम्ही सोडू नका. कितीही रडू दे, सोडू नका. असंच जमतं. मी बिघडवलंय, मलाच ठाऊक."

किती वेळ गेला कोण जाणे. गुंडीचा जीव दमला. आजूबाजूला बघितलं, कुणी घेणारं नव्हतं. मग तिने मान टाकली आणि आईच्या गळ्यात नाक खुपसलं. हुंदके येत राहिले, मग तेही थांबले. त्या बाईला हलायचीही भीती वाटत होती, तशीच उभी. ताई भट्टीकडे तोंड करून उभी होती.

मायलेकी पायरी उतरून रस्त्याला लागल्या. ताईने मान न वळवता विचारलं, "गेल्या का?"

"गेल्या."

"वळून बघितलं तिने?"

मी दारात जाऊन बघितलं. गुंडी आईच्या मानेत तोंड घालून झोपली होती.

"नाही," मी म्हणाले.

"बरं झालं," ताई म्हणाली, आणि मटकन खाली बसली.