चौथा जोड

सिल्वासात त्या काळी दगड चाटून पाहणारा एकच इंजिनिअर होता, आणि माझ्या भाग्याने तो माझा साहेब होता. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. राखोलीच्या एका कारखान्यात ॲक्रिलिकचे पत्रे बनत, तिथे मी केमिस्ट म्हणून लागलो होतो आणि ते मेंटेनन्सचे प्रमुख होते. मूळचे नाशिकचे, पन्नाशी ओलांडलेले. पँटच्या एका खिशात पाना आणि दुसऱ्यात दात घासायचा जुना ब्रश. दमणगंगेच्या काठी जीप थांबवून ते उतरत, एखादा खडा उचलत, ब्रशने झाडत आणि शांतपणे जिभेला लावत. चिकटला तर हाड, नाही चिकटला तर दगड, हा त्यांचा सिद्धान्त. युगानुयुगं जमिनीत राहून हाडाचा दगड होतो, पण त्याची बारीक छिद्रं उरतात आणि ती जीभ धरून ठेवतात, हे समजावायला एक अस्सल तुकडा ते कायम जवळ ठेवत. मात्र तो जिभेला अडकलेला असतानाच समजावत, त्यामुळे निम्मं कळत नसे. आमचा जळगावकडचा एक ऑपरेटर हे पाहून माझ्या कानात म्हणाला होता, "भो, साहेबाले मिठाचे डोहाळे लागले का?"

तो तुकडा ज्या ढिगातला होता, तो ढीग डोकमर्डीला त्यांच्या घरी तेलाच्या दोन रिकाम्या डब्यांत होता. बहिणीच्या सासरी, खेडा जिल्ह्यात, शेताच्या बांधावरचे काही दगड त्यांच्या जिभेला चिकटले, तेव्हा स्वतः नवा बांध रचून देऊन त्यांनी ते घरी आणले. हे सगळे तुकडे एकाच मांडीच्या हाडाचे आहेत याची त्यांना खात्री होती. मांडी कोणाची, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ते हाड जोडायचं आणि एखाद्या जाणत्या माणसाच्या तोंडून "हो, हे हाडच आहे" एवढं ऐकायचं, बाकी आयुष्याकडे त्यांचं काही मागणं नव्हतं. जोडलेला तुकडा वाळेपर्यंत तोल सांभाळून उभा राहावा लागतो. त्यासाठी वाळू लागते. पण घरात वाळू येणार नाही असं वहिनींनी बजावल्यामुळे हाडं तांदळाच्या परातीत उभी राहिली. "बारीक तांदळात हाड कलंडतं, जाडा उकडाच हवा," असं साहेब एखाद्या सुगरणीच्या थाटात सांगत. त्यांच्याकडे जेवायला आलेले कारखान्यातले लोक फक्त पोळ्या खात आणि वहिनींच्या पोळ्यांची फार स्तुती करत.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. गावी वडिलांनी माझं प्रमाणपत्र काच लावून देवांशेजारी टांगलं होतं, पण मी शिकलो काय, हे कोणी कधी विचारलं नव्हतं. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "बीएस्सी, ॲक्रिलिक कशात विरघळतं?" ॲसिटोनमध्ये, असं मी म्हणताच त्यांनी मला जीपमध्ये घातलं आणि थेट घरी नेलं. पत्र्यांची कात्रणं विरघळवून आम्ही पातळ लेप केला, घट्ट गोंद केला. घरभर असा वास सुटे की वहिनी काडी ओढण्याआधी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात "पेटवू का?" असं विचारत, आणि आम्ही बाटल्या उचलून गच्चीवर पळत असू. तीन वर्षं हे चाललं. साहेबांचा नियम एकच होता: उद्या आपल्याहून शहाणा माणूस आला तर त्याला आपला जोड सोडवता आला पाहिजे. जरा शंका आली की ते ॲसिटोनचा थेंब सोडत आणि महिन्याचं काम हसत हसत उलगडत.

शेवटी बडोद्याच्या एका कॉलेजातले भूशास्त्राचे प्राध्यापक रविवारी यायला तयार झाले. गुरुवारी माझी सुट्टी होती आणि साहेब बॉयलरपाशी अडकले होते. मी परात हलवायला गेलो तर खालून चौथा जोड डुगडुगताना दिसला. आता कारखान्यात साहेबांनीच मला शिकवलं होतं की जोड असा कर, पुन्हा बोलावणं येता कामा नये. मी धावत जाऊन पंपाची तडकलेली बॉडी कायमची बसवणारा दोन नळ्यांचा गोंद आणला आणि मोठ्या भक्तिभावाने लावला. शनिवारी साहेब शेवटचा, खुब्यात बसणारा गोळा बसवायला गेले, तेव्हा दोन बाजूंनी चढत आलेले तुकडे वर एकमेकांना भेटेनात. खाली केसभर कललेला जोड वर बोटभर फट होऊन उभा होता. त्यांनी ॲसिटोनचा थेंब सोडला, मग वाटीभर ओतलं. जोड ढिम्म. मी खाली मान घालून सगळं सांगितलं.

त्यांनी छिन्नी हातात घेतली आणि परत ठेवली. जोडाआधी हाडच फुटलं असतं. मग म्हणाले, "बीएस्सी, लग्नाची गाठसुद्धा याच्यापेक्षा ढिली असते रे."

आतून वहिनी म्हणाल्या, "ऐकतेय मी."

फट प्लास्टरने भरू का, असं मी विचारलं. ते नको म्हणाले. जे आपल्याला जमलं नाही ते दिसू दे.

रविवारी प्राध्यापक आले. चहाही न घेता ते हाडापाशी गुडघे टेकून बसले आणि फटीतल्या उघड्या कडेला त्यांनी जीभ लावली. ती चिकटली. दारातून वहिनी पाहत होत्या. त्या मला हळूच म्हणाल्या, "म्हणजे शिकलेलेही हेच करतात तर."

कोणा राक्षसी शाकाहारी प्राण्याची ती मांडी होती. हो, हाडच. साहेबांनी चष्मा काढून उगाचच पुसला. मग प्राध्यापकांनी चौथ्या जोडावर बोट ठेवून विचारलं, हा कोणी केला? मी तोंड उघडणार, तेवढ्यात साहेब म्हणाले, "माझाच. जरा घाई झाली."

हाड बडोद्याला गेलं. साहेब निवृत्त होऊन नाशिकला गेले, आणि काही वर्षांनी गेलेच. त्यानंतर एकदा कामासाठी बडोद्याला गेलो असताना मी त्या कॉलेजात डोकावलो. काचेच्या कपाटात ते हाड होतं, फटीसकट. पायथ्याशी साहेबांच्या अक्षरातली एक चिठ्ठी होती: "चौथा जोड चुकला आहे. माझ्याकडून सुटला नाही. पुढच्याने सवडीने सोडवावा." आजूबाजूला कोणी नव्हतं. मी कपाटाची कडी हळूच ओढून पाहिली. कुलूप होतं, नाहीतर मी एकदा जीभ लावून पाहणार होतो.