विमानाचा खांदा

आमची कंपनी म्हणजे काय, तर एक जुनं विमान, एक पायलट म्हणजे मी, आणि मुंबईत बसून ट्रंक कॉलवर ओरडणारे मालक. बाकीच्यांपेक्षा स्वस्तात कपाशीवर औषध फवारून देतो, ही आमची जाहिरात. स्वस्त कशामुळे, ते मला ठाऊक होतं: मेकॅनिक सुरतहून आठवड्यातून एकदाच यायचा. पण मी खूश होतो बुवा! साठ सालानंतरचे ते दिवस. सकाळी कपाशीवरून माणूसभर उंचीने विमान न्यायचं आणि बांधावरचं निंबाचं झाड आलं की झपकन वर घ्यायचं. याहून चांगली नोकरी मला आजही सुचत नाही.

त्या वर्षी काम मिळालं ते थेट माझ्याच गावाचं, शहाद्याजवळ, तापीकाठी. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, माझी नोकरी कधी पटलीच नव्हती. बैलजोडीवर जन्म काढलेला माणूस. "ड्रायव्हरकी ती ड्रायव्हरकी," म्हणायचे आणि विषय संपवायचे.

मालकांचा हुकूम होता, पोळ्याच्या संध्याकाळपर्यंत गाव संपवा, नाहीतर मी दुसरा पायलट बघतो. आणि पोळा उद्यावर आला तरी निम्मी कपाशी उरलेली.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात. वर्षभर जू वाहिलेला खांदा, त्याला तेवढाच आराम. आबांनी गोठ्यातलं उरकलं, वाटी घेतली आणि गावाबाहेर पडीक वावरात माझं विमान उभं होतं तिकडे गेले. पंख धडाला जिथे जोडलेला असतो, तिथल्या लोखंडी पट्ट्यांना दोन्हीकडून हळद-तूप चोळून आले.

"ते बी वावरमाच राबस ना? मंग त्याले बी खांदा शे," मला म्हणाले. "सकाय पोया शे. सकाय जुपू नको."

"आबा, मशीन आहे ते! उद्या पोळा असला तर बैलांचा, मशीनला कसला आलाय?" मी तडकलोच. गावासमोर हसं झालं असं वाटलं मला. आबांनी उरलेल्या हळद-तुपाची वाटी कोनाड्यात ठेवली.

सकाळी जाऊन बघतो तर चिटपाखरू नाही. शेताच्या दोन टोकांना पांढरं फडकं धरून माणसं उभी राहतात, त्यांच्याकडे बघून मी ओळ धरायचो. ती सगळी नदीवर बैल धूत होती. म्हटलं, गेलात उडत, मी एकटा फवारतो! निघण्याआधी तेवढी पिवळी घाण पुसावी म्हणून चिंधी घेतली. रागारागानं पुसलं. सगळं निघालं, पण डाव्या पट्टीवर केसाएवढी एक पिवळी रेघ राहिली. पुन्हा पुसली. पुन्हा आतून तूप झिरपलं आणि रेघ परत उमटली.

तेव्हा टाळक्यात उजेड पडला. पट्टीला चीर गेली होती. निंबाच्या झाडावरून वर घेताना सगळा भार त्याच पट्टीवर यायचा. चिंधी तिथेच टाकली.

धावत नदीवर गेलो. आबा कंबरभर पाण्यात बैलाची पाठ घासत होते. धापा टाकत सगळं सांगितलं, मी आज मेलो असतो हेही सांगितलं. आबांचा हात क्षणभर थांबला.

"मंग ऱ्हाऊ दे त्याले चार दिन," एवढंच म्हणाले.

मालक फोनवर वाटेल ते बोलले. मीही बोललो. चिरलेल्या पट्टीवर मीच काय, कुणीच उडणार नाही, म्हणून ठणकावलं. मग त्यांनाच मेकॅनिक पाठवावा लागला. तिसऱ्या दिवशी नवी पट्टी बसली, गावाची कपाशी मीच पुरी केली, आणि पुढंही बरीच वर्षं त्याच कंपनीत सुखानं उडालो.

पण त्या पोळ्याच्या संध्याकाळी बैल मिरवून आले, पुरणपोळी खाऊन झाली, आणि आबा कालची वाटी घेऊन माझ्यामागे येऊन बसले. तळाला थोडं हळद-तूप उरलं होतं.

"सदरा काढ," म्हणाले. "तुन्हा खांदा दखाड."

मी काढला.