अलिबागच्या किल्ल्यात बुडालेले तीन दगड

दत्ताला नोकरी लागली. हायवेवरच्या कंपनीत, सोमवारी सकाळी सातला हजर. साहेबानं आधीच बजावलेलं, पहिल्याच दिवशी खाडा झाला तर पुढच्या नंबरवाल्याला घेणार. म्हणजे आमच्याकडं उरले शनिवार-रविवार. समीर म्हणला, "एकदा समुद्र बघून येऊ. नंतर ह्याला सुट्टी कोण देतंय?"

आमी तिघं भोरला शाळेत एका बाकावर होतो. समीरचं भोरातच पंक्चरचं दुकान. दत्ता वेल्ह्याकडच्या पासलीचा. मी हिर्डोशीचा, बारावीत गणितानं अडवलेला.

शनिवारी सकाळी ते दोघं भोरवरनं महाडच्या एसटीत बसले, मी हिर्डोशीला चढलो. जाणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, वरंध घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद असतो, चौकशी करूनच निघा. आमी गेलो ते भातं काढून झाल्यावर, तवा रस्ता मोकळा होता. घाटात उजव्या खिडकीला बसायचं का डाव्या, ह्यावर आमची भांडणं झाली आणि मग तिघंबी झोपलो. महाडला वडापाव हाणला, गाडी बदलली, दुपारी अलिबाग.

गावात जुन्या गल्लीत एका काकूंच्या घरी खोली मिळाली. हॉटेलपेक्षा लई स्वस्त, वर चहा फुकट. संध्याकाळी किनाऱ्यावर गेलो तर किल्ला भर पाण्यात उभा. दत्ता म्हणला, "ह्यात जायाचं कसं?" भेळवाला म्हणला, "सकाळी या. चालत जाल." आमाला वाटलं गंमत करतोय. रात्री बोंबील आणि सुरमईवर ताव मारला. दत्तानं तर दुप्पट खाल्लं, दुसऱ्या दिवशी त्याची संकष्टी होती.

सकाळी नऊला गेलो तर खरंच पाणी गायब! घोडागाड्या पण जातात, पण चालत जाण्यात मजा हाय. घोट्याएवढं पाणी, खाली घट्ट वाळू. मी चपलेवर, बूट बॅगेत. दत्तानं नोकरीसाठी घेतलेले नवे बूट पायाला सवय व्हावी म्हणून आणलेले, ते गळ्यात अडकवून चालला. दारात तिकीट काढायचं आणि आत शिरायचं. आत गणपतीचं देऊळ, दर्गा, आणि समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचा तलाव. उत्तरेच्या तटावर चाकाच्या गाड्यावर दोन तोफा. समीर दर्ग्यात गेला, दत्ता नोकरी टिकू दे म्हणून देवळात.

त्याचे बूट देवळाबाहेर. आता तुमीच सांगा, नवे कोरे बूट असे समोर दिसल्यावर माझ्यासारख्यानं काय करावं?

एक उचलला आणि तोफेच्या मागं ठेवून आलो.

दत्ता बाहेर आला. "माझा बूट कुठंय?"

"देवानं नवस म्हणून ठेवून घेतला असंल," मी म्हणलो.

अर्धा तास त्याला तटावरनं फिरवला. लई हसलो. मग बूट आणायला गेलो तर तोफेमागं बूट न्हाई! खरंच न्हाई. माझं हसू तिथंच वाळलं. तिघांनी आख्खा किल्ला पालथा घातला. शेवटी समीरला तलावामागं एक कुत्रं दिसलं, बुटाची नाडी चघळत बसलेलं. बूट मिळाला, नाडी अर्धी.

ह्यात साडेअकरा झाले. दारात आलो तर घोडागाड्या गेलेल्या, माणसं गेलेली, आणि वाळू होती तिथं पाणी.

दत्ता म्हणला, "थांबू जरा. उतरंल."

मी पण म्हणलो, उतरंल. आमच्याकडं ओढ्याला लोंढा आला की असंच करतात. काठाला दगड ठेवायचा, पाणी दगडाच्या खाली गेलं की समजायचं उतरतंय. समीरनं पायरीवर दगड ठेवला. दगड बुडाला. वरच्या पायरीवर दुसरा ठेवला. तो पण बुडाला. तिसऱ्याला मी चांगला मोठा दगड शोधून आणला.

मागं देवळासमोर नारळ विकणाऱ्या मावशी बसलेल्या. त्या मगापासनं बघत होत्या. "काय रं, मंदिर बांधताय का?"

"न्हाई मावशी, पाणी कवा उतरतंय बघतोय."

मावशी एवढ्या हसल्या की टोपली कलंडली. "कुठलं गाव तुमचं?"

"भोरकडचं."

"तरीच. आज चौथ. चार भाकऱ्या घे, दर भाकरीचा पाव तुकडा काढून ठेव. किती उरल्या?"

मी बोटं मोजली. "तीन."

"तीनला भरती पूर्ण. मग सहा तास उतरणार. पायी जायला संध्याकाळचे सात तरी वाजतील."

दत्ता मटकन पायरीवर बसला. महाडवरनं भोरची शेवटची एसटी साडेपाचला. तो माझ्याकडं बघून एवढंच म्हणला, "माझी नोकरी गेली तर तू जाणार का माझ्या आईला सांगायला?"



"मावशी, होडी?" समीरनं विचारलं.

"आत्ता पाणी ना पायाचं ना होडीचं. भाचा येईल एकच्या पुढं."

दीड तास असा गेला की काय सांगू. मावशींनी दत्ताला उपासाचं म्हणून खोबरं दिलं, मला न्हाई. एकला होडी आली. लाटा उडत होत्या, मी दत्ताचे बूट शर्टाच्या आत धरून बसलो. काठावर उतरून पळत स्टँड. मिळंल त्या गाडीनं वडखळ, तिथनं महाड. भोरची एसटी फलाट सोडून निघालेली, समीर दोन्ही हात पसरून तिच्या पुढं उभा राहिला.

"मरायचंय का?" ड्रायव्हर ओरडले.

"न्हाई मामा, ह्याला नोकरीवर जायचंय!"

 पूर्ण घाटात दत्ता अर्ध्या नाडीनं बूट बांधून खिडकीबाहेर बघत बसला. मला डुलकी लागली. हिर्डोशी आल्यावर त्यानं माझी बॅग खिडकीतनं खाली दिली. "धर," एवढंच.

घरी बॅग उपसली. वाळू निघाली, टॉवेल निघाला, बूट निघाला. एकच.

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला. सातच्या आधीच पोचलेला पठ्ठ्या.

"माझा बूट?" मी म्हणलो.

"ओहोटी लागली की गावंल," म्हणला आणि हसत फोन ठेवला.

तुमी जाल तर हॉटेल, गाडी नंतर बघा, आधी तिथी बघा. मी भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर गेलो. पंचमी. पाच भाकऱ्या, पाच पाव तुकडे काढले. भरती पावणेचारला. बारावीच्या सरांना जे जमलं न्हाई ते मावशींनी एका पायरीवर करून दाखवलं.

ओहोटी पावणेदहाला. एका पायात बूट घालून वाट बघतोय.